कसर

टेम्पोतून चौदा पेट्या उतरल्या,
तेरा पुठ्ठ्याच्या, एक पत्र्याची.
मागोमाग मधुवंती खांबेटे, पदराने वारा घेत.
"फडक्यानं पुसलंय सगळं. नुसती धूळ होती."

धूळ बोटाला कोरडी लागते.
ही बोटाखाली ओढली गेली,
राखाडी, जराशी तेलकट.

पुढच्या दाराने मी काहीच आत घेत नाही.
मागचा बोळ, जिथे झेरॉक्सवाला चहा पितो,
तिथून एका खोलीत. पाटीवर लिहिलंय 'आवक'.
शिपाई झांजुर्णे तिला सोयर म्हणतात:
ठरले दिवस कुणी शिवायचं नाही.
सोयर होतं की सुतक, ते मागाहून कळतं.

एकदा एक देणगी हार घालून थेट आत गेली होती.
मोठ्या माणसाची, भाषणं झाली, पेढे वाटले.
सहा महिन्यांनी पोथ्यांचं कपाट उघडलं
तर पाटाखाली मातीची नळी, बोटाएवढी,
आणि बखरीच्या जागी बखरीचा आकार.
तेव्हापासून मला हार दिसला की खाज सुटते.

वडील हवामान कचेरीत कारकून होते.
घरी पद्मावतीला, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत
दोन तापमापक, एकाच्या बुडाला ओल्या मलमलीची चिंधी.
रोज सकाळी साडेआठ:
कोरडा पारा, ओला पारा, दोहोंतला फरक,
शेवटच्या रकान्यात हवेतला ओलावा, टक्क्यांत.
एक्केचाळीस वर्षं, एक्केचाळीस वह्या.
मुलीच्या लग्नादिवशी ६३.
बायको गेली त्या दिवशी ८८, शेरा: वारा नाही.

"ते गेल्यावर चार पावसाळे माळ्यावर होत्या,"
मधुवंतीबाई म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीखाली."
मी मान हलवली. मास्क होता, बरं झालं.

विजेरी तिरपी धरायची, म्हणजे उंचवटे दिसतात.
जागी बुरशी ओली, केसाळ असते,
निजलेली पिठासारखी.
निजलेलीवर विश्वास ठेवू नये.
शिवणीतून एक चंदेरी शेपूट वळवळली, गेली.
पत्र्याच्या पेटीच्या तळाशी भुसा,
रव्याहून बारीक, फिका, ताजा.
म्हणजे पंगत अजून उठलेली नाही.

एकाहत्तरच्या वहीत शिरलेला किडा
चौऱ्याहत्तरमधून बाहेर पडला, सरळ,
कात्रजचा बोगदा खणावा तसा.
बहात्तरमधून जाताना त्याने काय खाल्लं असेल?
तिथे शेऱ्यात ओळीने एवढंच:
नाही. नाही. आजही नाही.

फ्रीजर आम्ही कॅम्पातल्या बंद पडलेल्या
आइस्क्रीमवाल्याकडून घेतलाय,
झाकणावर आंब्याची अर्धी फोड अजून रंगीत.
वह्या पिशव्यांत बांधून, हवा दाबून काढून
उणे वीसला, दोन आठवडे.
"म्हणजे बाबा फ्रीजमध्ये?" त्यांना हसू आलं,
मग आलं नाही.
पुठ्ठ्याच्या तेराही पेट्या झांजुर्ण्यांनी
त्याच दुपारी हलवल्या. त्यावर नावं होती,
बाबांच्या हातची, ती मी आधी उतरवून घेतली.

आई म्हणायची, काळजीत कसर ठेवू नये.
मी ते शब्दशः घेतलं, पगारावर.

पंधराव्या दिवशी पिशव्या बाहेर काढल्या,
गारवा उतरेपर्यंत तशाच बंद,
मग टीपकागद, पंखा, मऊ ब्रश.
खोलीतल्या रजिस्टरात साडेआठला मी लिहिते: ५२.
शेरा: सापळ्यात काही नाही.
साडेआठच का, हे कुणी विचारलेलं नाही.

शेवटच्या वहीत नोंद नऊ ऑगस्टपर्यंत.
रकाने मात्र डिसेंबरअखेर आखून ठेवलेले, पट्टीने.
त्या कोऱ्या चौकटी बुरशीने भरल्यात,
हिरवट ठिपके, जवळजवळ तारीखवार,
ऑक्टोबरात दाट.
ते काढायला हवेत.
काढते, हळू, शिवणीपासून बाहेर,
नळीच्या तोंडाकडे,
एकेक दिवस.